बारा मुलांच्या आईचे भाषण आणि गरम पाण्याची मागणी : अमेरिकेतील लॅटिनो कामगार मातांविषयी

चंद्रभागा (धागाकर्ती)

मे महिन्यात अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, वस्त्यांमध्ये दोन मातृदिन येतात. एक अमेरिकेचा, म्हणजे महिन्यातला दुसरा रविवार, आणि दुसरा मेक्सिकोचा, जो वार कोणताही असला तरी १० मे रोजीच पाळला जातो. त्या सुमारास तिथल्या कामगार संघटनांमध्येही मातांचे सत्कार होतात, फुले दिली जातात आणि भाषणांतून आईच्या त्यागाचे गोडवे गायले जातात. या सत्कारांना माझा विरोध नाही. मात्र या चळवळीचा इतिहास वाचताना माझे असे मत होत गेले की, या बायकांनी त्यागाबद्दल शाबासकी फारशी कधी मागितलीच नव्हती. संसार आणि मजुरी एकत्र ओढताना ज्या गोष्टींवाचून रोज अडत होते, म्हणजे पाणी, शौचालय, मुलांचे पोट, रात्रपाळीतली सुरक्षितता, त्या गोष्टी त्यांनी मालकाकडून मागून आणि भांडून मिळवल्या, आणि जमेल तिथे करारात कलम म्हणून लिहून घेतल्या. त्यांचा गौरव करायचा असेल तर ती कलमे वाचावीत, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

मेक्सिकोतल्या मातृदिनाचा जन्मही पुरता निरागस नाही. १९२२ साली मेक्सिको सिटीतल्या 'एक्सेलसिओर' या दैनिकाने १० मे हा दिवस आईसाठी राखून ठेवण्याची हाक दिली. त्याच वर्षी युकातान प्रांतात संततिनियमनाची माहिती देणारी पत्रिका निघाली होती आणि तिथल्या स्त्रीवादी चळवळीवर सनातनी मंडळी खवळलेली होती. आईला मखरात बसवण्याची ही मोहीम त्या वादातल्या एका पक्षाची होती. पुढे १९४९ मध्ये त्या शहरात आईचे भव्य स्मारक उभे राहिले. आपली ओळख होण्यापूर्वीच जिने आपल्यावर प्रेम केले तिला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. बऱ्याच वर्षांनी स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी तिथेच आणखी एक पाटी बसवली, जिच्यावर तिचे मातृत्व तिने स्वेच्छेने पत्करले होते असे म्हटले आहे. मला ही दुसरी पाटी अधिक आवडते, हे आधीच सांगून टाकते.

आता मूळ विषयाकडे येते. न्यू मेक्सिको राज्यातल्या ग्रँट काउंटीत हॅनोव्हर नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. तिथल्या एम्पायर झिंक कंपनीच्या जस्ताच्या खाणीत ऑक्टोबर १९५० मध्ये संप सुरू झाला. कामगार बहुतेक सगळे मेक्सिकन वंशाचे होते. खाणीत उतरल्यापासून वर येईपर्यंतच्या संपूर्ण वेळेचा पगार, भरपगारी सुट्ट्या आणि गोऱ्या कामगारांच्या बरोबरीची वागणूक या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. कंपनीने बांधलेल्या घरांमध्ये गोऱ्या कुटुंबांकडे गरम पाण्याचे नळ होते आणि मेक्सिकन कुटुंबांकडे नव्हते. सरपण फोडायचे, चुलीवर पाणी चढवायचे आणि मग धुणे, भांडी, मुलांच्या अंघोळी उरकायच्या, हा तिथल्या बायकांचा दिवस होता. घरात गरम पाणी आले पाहिजे ही मागणी त्यांनी लावून धरली होती, पण पुरुषांच्या यादीत तिला खालची जागा होती.

जून १९५१ मध्ये न्यायालयाने संपकरी कामगारांना खाणीच्या रस्त्यावर पहारा देण्यास मनाई केली. कामगारांची रांग हटली असती तर कंपनीने बदली माणसे आत नेली असती आणि संप तिथेच संपला असता. तेव्हा बायकांनी असा मुद्दा काढला की, हुकूम कामगारांना आहे आणि आम्ही कंपनीच्या कामगार नाही. यावर युनियनच्या सभेत कडाक्याचा वाद झाला, बायकांना या ठरावावर मत देता येईल की नाही यावरही झाला, आणि अखेर त्यांच्या मतांसह ठराव मंजूर झाला. लगेचच रस्त्यावर बायकांची रांग उभी राहिली. त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला. अनेकींना मुलांसकट, काहींना काखेतल्या तान्ह्या बाळांसकट, सिल्व्हर सिटीच्या तुरुंगात डांबण्यात आले. तरीही जानेवारी १९५२ मध्ये तडजोड होईपर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने, ती रांग हटली नाही. दरम्यान नवरे घरी होते. सरपण फोडणे, पाणी तापवणे आणि बाळाचे लंगोट धुऊन वाळत घालणे त्यांच्या वाट्याला आले. गरम पाण्याच्या मागणीचे महत्त्व त्यानंतर त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. संप मिटल्यावर त्या घरांमध्ये गरम पाण्याचे नळ आले.

या संपाची हकिगत बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. शौर्य होतेच, पण माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट अशी की, जी अडचण घरातली, बायकी आणि म्हणून किरकोळ समजली जात होती ती युनियनच्या मागणीपत्रात जाऊन बसली. अशी आणखी उदाहरणे जाणकारांनी द्यावीत, आणि माझे म्हणणे पटत नसेल तर तेही मोकळेपणाने लिहावे.

खडूफळा

धागा आवडला. यात १९३९ सालच्या लॉस एंजेलिसच्या संपाची भर घालतो, कारण तिथे मुलांनीच आईची बाजू मांडली होती.

कॅलिफोर्निया सॅनिटरी कॅनिंग कंपनी हा फळे आणि भाज्या डबाबंद करणारा कारखाना होता. तिथे सुमारे ४३० कामगार होते. त्यांत बायकांचा भरणा होता आणि त्यांतही मेक्सिकन बायकांचा सर्वाधिक. मजुरी नगावर मिळत असे, म्हणजे जितकी फळे सोलून, बिया काढून पेटीत भराल तितके पैसे. पीचच्या सालीवरची बारीक लव अंगाला चिकटून खाज सुटत असे आणि सुरीने बोटे कापत असत. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी, पीचचा हंगाम ऐन भरात असताना, जवळजवळ सर्व कामगार काम सोडून बाहेर पडले. फळ नासते, थांबत नाही, हे मालकांइतकेच कामगारांनाही ठाऊक होते.

मालक काही आठवडे बधले नाहीत. तेव्हा संपकऱ्यांनी कारखान्याचे फाटक सोडून मालकांच्या बंगल्यांपुढे पहारा लावला, आणि त्या पहाऱ्यात आपली मुले उभी केली. मुलांच्या हातांतल्या फलकांवर असे लिहिले होते की, आईला पगार कमी मिळतो म्हणून आम्हाला पोटभर मिळत नाही. शेजारच्या सुखवस्तू घरांतल्या काही जणांनी मुलांना खाऊपिऊ घातले. मालकांना ही शोभा सहन झाली नाही आणि थोड्याच दिवसांत बोलणी सुरू झाली. पगारात ताशी ५ सेंटची वाढ मिळाली, युनियनला मान्यता मिळाली आणि छळणाऱ्या मुकादमणींपैकी बहुतेकींना कामावरून काढण्यात आले. हे शेवटचे कलम मला विशेष वाटते, कारण पगारवाढीचा हिशेब इतिहासात राहतो, पण रोज अपमान करणारे माणूस समोरून गेल्याने काय फरक पडतो हे तिथे उभे राहून काम केलेल्यालाच कळते.

या कारखान्यांतल्या युनियनची पुढची बांधणी ज्यांनी केली त्या लुइसा मोरेनो मूळच्या ग्वाटेमालातल्या, सधन घरातल्या. न्यूयॉर्कला आल्यावर नवऱ्याला काम नव्हते आणि पदरी तान्ही मुलगी होती, म्हणून त्या स्पॅनिश हार्लेममध्ये शिलाई मशीनवर बसल्या आणि तिथल्याच शिवणकाम करणाऱ्या बायकांची संघटना बांधत त्या या कामात आल्या. १९३९ मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेल्या स्पॅनिशभाषकांच्या राष्ट्रीय अधिवेशनामागे त्यांचे मोठे श्रम होते. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी असल्याच्या ठपक्यावरून त्यांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. एका गोदी कामगार नेत्याविरुद्ध साक्ष दिल्यास नागरिकत्व मिळेल असे सुचवण्यात आले, ते त्यांनी नाकारले, आणि १९५० मध्ये त्यांनी अमेरिका सोडली. स्थलांतरित कामगाराला गप्प करण्याचे सर्वांत सोपे हत्यार हद्दपारी हेच होते आणि आजही आहे. या मुद्द्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही.

बोरूबहाद्दर

माहिती उत्तम आहे, पण मला एक शंका आहे. कामगार नेता पुरुष असेल तर त्याला किती मुले होती हे आपण कधी विचारत नाही. डोलोरेस हुएर्ता यांचे नाव निघाले की मात्र पहिल्याच वाक्यात त्यांना अकरा मुले होती असे सांगितले जाते. या बायकांना आई म्हणूनच ओळखायचे, हा मखराचाच नवा प्रकार नाही का? त्या कुशल संघटक होत्या, करारमदाराच्या वाटाघाटींत मुरलेल्या होत्या, एवढे म्हणणे पुरेसे असायला हवे.

निळावंती

बोरूबहाद्दर यांची शंका रास्त आहे, पण हुएर्ता यांच्या बाबतीत मुले बाजूला ठेवून त्यांचे काम सांगता येत नाही, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १९३० चा, न्यू मेक्सिकोतल्या डॉसन या खाणगावातला. वडील खाणकामगार आणि पुढे राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य झाले. आईने कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन येथे एकटीच्या बळावर खानावळ आणि छोटे हॉटेल चालवले आणि शेतमजुरांना तिथे स्वस्तात खोल्या दिल्या. हुएर्ता काही काळ शाळेत शिक्षिका होत्या. वर्गात उपाशीपोटी, अनवाणी येणारी शेतमजुरांची मुले पाहून त्यांनी नोकरी सोडली आणि त्या मुलांच्या पालकांना संघटित करण्याचे काम पत्करले. १९६२ मध्ये शेतमजूर नेते सेझार चावेझ यांच्यासमवेत त्यांनी राष्ट्रीय शेतमजूर संघटना स्थापन केली तेव्हा त्या सात मुलांची आई होत्या, घटस्फोटाच्या वाटेवर होत्या आणि नियमित पगार नव्हता.

८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला आणि आठवडाभराने मेक्सिकन मजूर त्यात उतरले. पहिला मोठा करार १९६६ मध्ये शेन्ली या मद्यकंपनीशी झाला आणि त्याच्या वाटाघाटी हुएर्ता यांनी केल्या. जुलै १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिलानो भागातल्या बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या. त्या काळातल्या करारांमध्ये मजुरीबरोबर मळ्यात शौचालय, हात धुण्याची सोय, पिण्याचे थंड पाणी आणि कीटकनाशकांवर बंधने होती. ज्या मळ्यात दूरवर एक झुडूपही नाही, तिथे शौचालय नसेल तर बाईने काय करायचे? बायका एकमेकींभोवती चादरी धरून आडोसा करत. गरोदरपणात किंवा पाळीच्या दिवसांत हे काय असेल ते वेगळे सांगायला नको. हे कलम वाटाघाटींच्या टेबलावर एका बाईने ठेवले हा योगायोग नव्हता. त्याआधी १९६३ मध्ये, लहान मुले असलेल्या गरजू कुटुंबांना मिळणारे सरकारी साहाय्य कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांनाही मिळावे म्हणून त्यांनी राज्याच्या राजधानीत पाठपुरावा केला होता.

याची किंमत मुलांनी मोजली, हेही लिहिले पाहिजे. संपाच्या काळात द्राक्षांवर घातलेल्या बहिष्काराच्या प्रचारासाठी त्या न्यूयॉर्कला गेल्या, राज्याराज्यांतून फिरल्या, आणि मुले कधी बरोबर, कधी नातलगांकडे, कधी चळवळीतल्या कुटुंबांकडे राहिली. मुलांपैकी काहींनी मोठेपणी आई फार वेळ नसल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली आहे. त्या काळी बागायतदारांनीच नव्हे, चळवळीतल्या पुरुषांनीही, ही बाई मुले टाकून फिरते असे म्हणून नाके मुरडली. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या मारहाणीत त्यांच्या बरगड्या मोडल्या आणि प्लीहा काढावी लागली, तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिले.

हुएर्ता यांना निदान पदक मिळाले. मारिया मोरेनो यांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? टेक्सासमध्ये जन्मलेली, कापूस आणि फळे तोडत कॅलिफोर्नियात आलेली ही बारा मुलांची आई. १९५८ मध्ये पावसापाण्याने शेतातले काम बंद पडले, घरात अन्नाचा कण उरला नाही, आणि तिच्या १९ वर्षांच्या मुलाची दृष्टी उपासमारीने काही काळ गेली. त्यानंतर तिने बोलायला सुरुवात केली. पुढे एका शेतमजूर संघटनेने तिला पगारी संघटक म्हणून नेमले. अमेरिकेत शेतमजूर बाईला असे नेमल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. चर्चमध्ये, बर्कलीच्या विद्यापीठात, १९६१ मध्ये देशव्यापी कामगार महासंघाच्या अधिवेशनात, ती सगळीकडे बोलली, आणि आपण बारा मुलांची आई आहोत हे ती श्रोत्यांना सांगत असे. बोरूबहाद्दर, ते सांगणे तिने स्वतः निवडले होते, आपण तिच्यावर लादलेले नाही. पुढे संघटनेतल्या वरिष्ठांशी बिनसले, तिचे काम गेले, आणि चळवळीच्या लिखित इतिहासातून ती जवळजवळ पुसली गेली. म्हणूनच चंद्रभागा यांच्याशी मी एका बाबतीत सहमत नाही. नुसती कलमे वाचून भागत नाही. कलमांवर नाव नसते. नाव घेणारा सत्कार कितीही औपचारिक असला तरी तो झाला पाहिजे.

उसाचा_फड

मी बीड जिल्ह्यातला आहे आणि माझे आईवडील ऊसतोडीला जात असत, त्यामुळे खडूफळा यांच्या प्रतिसादात मुकादमणीचा उल्लेख आला तेव्हा थांबलो. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांतही मजूर बहुधा थेट मळेवाल्याकडे नसतो, मध्ये ठेकेदार असतो, आणि काही वाईट घडले की मळेवाला ठेकेदाराकडे बोट दाखवतो.

मे २००८ मध्ये सॅन होआकिन खोऱ्यातल्या एका द्राक्षमळ्यात १७ वर्षांची एक मेक्सिकन मुलगी काम करता करता कोसळली आणि दोन दिवसांनी वारली. ती दोन महिन्यांची गरोदर होती. तापमान पस्तीस अंशांच्या आसपास होते, नऊ तासांचे काम होते आणि पिण्याचे पाणी दहा मिनिटांच्या अंतरावर ठेवलेले होते. मजुराला तेवढा वेळ काढून जाऊ देत नसत. विशेष म्हणजे, उन्हात काम करणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती देण्याचा नियम कॅलिफोर्नियात २००५ पासूनच होता. ठेकेदार कंपनीचा परवाना गेला, खटला चालला, आणि अखेर तडजोडीत कोणालाही तुरुंगवास झाला नाही.

यावर मला एकच उपाय खरा वाटतो, आणि तो फ्लॉरिडात टोमॅटो तोडणाऱ्या इमोकली येथील मजुरांनी शोधला. त्यांनी ठेकेदाराशी भांडण्यात शक्ती न घालवता टोमॅटो विकत घेणाऱ्या मोठ्या खाद्यकंपन्यांना गाठले. प्रत्येक पौंडामागे एक सेंट जास्त द्यायचा, तो मजुरांपर्यंत पोचवायचा, आणि ज्या मळ्यात बायकांचा लैंगिक छळ किंवा वेठबिगारी आढळेल त्याच्याकडून माल घ्यायचा नाही, अशा करारांवर त्यांनी सह्या घेतल्या. माल पडून राहण्याची भीती आली की मळेवाल्याला मुकादमाचे वागणे लगेच दिसू लागते.

गवतीचहा

खरेदीदाराला गाठण्यावरून आठवले. टेक्सासमधल्या एल पासो येथे फॅरा या पाटलोणी शिवणाऱ्या कंपनीत १९७२ ते १९७४ असा जवळपास २२ महिन्यांचा संप झाला. सुमारे ४,००० कामगार बाहेर पडले, त्यांत बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या बायका होत्या. त्या पाटलोणींवर देशभर बहिष्कार पडला आणि तिथल्या कॅथलिक बिशपांनीही त्याला पाठिंबा दिला, तेव्हा कंपनीने युनियन मान्य केली. वर्षानुवर्षे मान खाली घालून शिवण घालणाऱ्या बायका या संपात भाषणे करायला शिकल्या.

सांजवारा

मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये राहते, म्हणून सफाई कामगारांविषयी लिहिते. आमची कार्यालये रात्री झाडणाऱ्या बायका बहुतेक मेक्सिको, एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या आहेत. आपण निघतो तेव्हा त्या येतात, त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच मजल्यावर काम करूनही ओळख होत नाही.

१९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या इमारतमालकांनी स्वतःचे सफाई कामगार काढून ते काम ठेकेदारांना दिले आणि मजुरी झपाट्याने घसरली. १५ जून १९९० रोजी सेंच्युरी सिटी भागात संपावर असलेल्या सफाई कामगारांच्या शांततापूर्ण मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. कित्येक जण जखमी झाले, एका गरोदर बाईचा गर्भपात झाल्याचे तेव्हा सांगितले गेले, आणि ही दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसल्यावर ठेकेदार कंपनीने थोड्याच दिवसांत करार केला. ही तारीख आता त्या कामगारांचा दिवस म्हणून पाळली जाते.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती अलीकडची लढाई. रिकाम्या इमारतीत रात्री एकटीने काम करणाऱ्या बाईवर देखरेख करणारा एकच माणूस असतो, आणि तोच तिला त्रास देणारा असू शकतो. मुले घरी झोपलेली, नोकरी गेली तर भाडे थकणार, आणि कागदपत्रे नसतील तर पोलिसांचीही धास्ती. अशा बायकांनी 'या बास्ता' (स्पॅनिशमध्ये 'आता पुरे') या नावाने आवाज उठवला आणि २०१६ मध्ये राजधानी सॅक्रामेंटो येथे उपोषण केले. त्या वर्षीच्या कायद्याने सफाई ठेकेदारांना नोंदणी आणि लैंगिक छळाविरुद्धचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. २०१९ च्या कायद्याने ते प्रशिक्षण याच कामातून आलेल्या बायकांनी द्यावे अशी तरतूद झाली. चंद्रभागा, आपण म्हणता तसे कलम हेच. मात्र हे कलम लिहिले जाण्याआधी, स्वतःच्या मुलांपासूनही लपवलेली गोष्ट या बायकांना आमदारांपुढे बोलून दाखवावी लागली.

आणि आपल्या घरांविषयीही थोडे लिहिते. इथल्या अनेक मराठी घरांत दोघेही नोकरी करतात आणि मूल सांभाळायला लॅटिनो बाई येते. तिचे स्वतःचे मूल कुणाकडे असते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे, हे मी इथे विचारणार नाही. कॅलिफोर्नियाच्या २०१३ च्या कायद्याची आठवण मात्र करून देते. मूल किंवा वृद्ध सांभाळणाऱ्या बाईला दिवसात ९ तासांपेक्षा किंवा आठवड्यात ४५ तासांपेक्षा जास्त काम पडले, तर त्या वाढीव तासांना दीडपट मजुरी द्यावी लागते.

चंद्रभागा

सर्वांचे आभार. निळावंती यांनी मांडलेला मुद्दा वजनदार आहे. मारिया मोरेनो यांचे नाव घेतलेच पाहिजे. पण एवढे म्हणेन की, त्यांना विसरणाऱ्यांत सत्काराची हौस असलेल्या संघटनाही होत्या. सत्कार कोणाचा करायचा हे जे ठरवतात त्यांच्याशी बिनसले की नाव गळते. कलम मात्र, ज्याच्याशी बिनसले आहे त्यालाही लागू राहते.

या बायकांना प्रत्येक वेळी साध्या सोयींसाठी वेगळे का भांडावे लागले, याचे मूळ कायद्यात आहे. संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या केंद्रीय कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्यातही तेच झाले. दक्षिणेतल्या लोकप्रतिनिधींना काळ्या मजुरांना हे हक्क द्यायचे नव्हते, आणि त्याच फटीत कॅलिफोर्निया-टेक्सासमधले मेक्सिकन मजूरही सापडले. शेतमजुरांना किमान वेतनाचे संरक्षण १९६६ च्या दुरुस्तीने आणि घरकामगारांपैकी बहुतेकांना १९७४ च्या दुरुस्तीने मिळाले. १९३५ च्या कायद्यातली वगळणूक आजही आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियाला १९७५ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. बाळंतपणाचेही तेच. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी आणि किमान ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरती. गरोदर कामगाराला सोयी देण्याचा २०२३ पासूनचा कायदा १५ कर्मचाऱ्यांपासून लागू होतो. एका घरात काम करणारी बाई दोन्हींच्या बाहेर राहते.

खडूफळा यांनी हद्दपारीचा विषय काढला, तो पुढे नेते. १२ मे २००८ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या मातृदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या छोट्या गावात मांस कारखान्यावर छापा पडला. ३८९ जण पकडले गेले, त्यांत ग्वाटेमालाचे लोक सर्वाधिक होते. तिथे युनियन बांधण्याचा प्रयत्न चालू होता. मुलांना सांभाळायला दुसरे कोणी नसलेल्या आयांना सोडून देण्यात आले, पण घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून. काम करण्याची परवानगी नाही, गाव सोडण्याचीही नाही, नवरा तुरुंगात, अशा स्थितीत चर्चने दिलेल्या शिध्यावर त्यांनी महिनोन् महिने काढले. पुरुषांपैकी बहुतेकांना दुसऱ्याची ओळख वापरल्याच्या गुन्ह्याच्या धाकाने पाच महिन्यांची कैद स्वीकारावी लागली. ज्या कलमाचा धाक घातला गेला ते अशा प्रकरणांत सहज वापरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी दिला, पण तोवर यांची शिक्षा भोगून झाली होती.

मिसिसिपीत ७ ऑगस्ट २०१९ रोजी कोंबडी कारखान्यांवर छापे पडले आणि ६८० जणांना पकडण्यात आले. तिथल्या काही शाळांचा तो पहिला दिवस होता. छापा पडलेल्यांपैकी एका कारखान्यातल्या लॅटिनो कामगारांच्या छळाचा आणि बायकांच्या विनयभंगाचा, समान रोजगार संधीच्या केंद्रीय आयोगाने दाखल केलेला खटला, कंपनीने आदल्या वर्षीच ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला होता. तक्रार आणि छापा यांचा संबंध होता असे मी म्हणत नाही. पण शेजारच्या कारखान्यातल्या बाईने तक्रार करावी की नाही याचा विचार करताना काय डोळ्यांपुढे ठेवले असेल, ते उघड आहे.

बोरूबहाद्दर

निळावंती यांचे उत्तर वाचले. माझी शंका थोडी बदलून ठेवतो. मारिया मोरेनो स्वतःला आई म्हणत, ते श्रोत्यांना ऐकवण्यासाठी, कारण उपाशी मुलांच्या आईला साम्यवादी म्हणून उडवून लावणे अवघड होते. ती त्यांची रणनीती होती. मालकांच्या बंगल्यापुढे मुले उभी करणे हीसुद्धा रणनीतीच. तिला भाबडेपणाने वात्सल्य म्हणू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

निळावंती

हे पूर्ण मान्य. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शेतमजूर स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने सुमारे सात लाख शेतमजूर बायकांच्या वतीने, लैंगिक छळाविरुद्ध बोलणाऱ्या हॉलिवूडच्या अभिनेत्रींना पाठिंब्याचे जाहीर पत्र लिहिले, तेही असेच विचारपूर्वक टाकलेले पाऊल होते. प्रकाशझोत ज्यांच्यावर होता त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिल्यामुळे शेतातल्या छळाकडेही लोकांचे लक्ष गेले.

गवतीचहा

सांजवारा यांना एक व्यावहारिक प्रश्न. बाईशी महिन्याचा ठरावीक पगार ठरलेला असेल आणि दोन्ही बाजूंना तो मान्य असेल, तरी वाढीव तासांचा हिशेब लागू होतो का? आणि तिच्याकडे कागदपत्रे नसतील तर?

सांजवारा

दोन्ही बाबतींत लागू होतो. कॅलिफोर्नियात ठरावीक पगार हा फक्त नेहमीच्या तासांचा मोबदला धरला जातो, वाढीव तासांचे पैसे त्यात सामावले आहेत असे म्हणता येत नाही, आणि बाईने तसे मान्य केले असले तरी तो हक्क सुटत नाही. मजुरीच्या हक्कासाठी राज्याचा कायदा कागदपत्रे विचारत नाही. तिला थेट राज्याच्या कामगार आयुक्तांकडे दावा करता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. आपल्या बाजूने म्हणाल तर येण्याजाण्याच्या वेळा रोज लिहून ठेवाव्यात आणि पगाराबरोबर तासांचा तपशील लेखी द्यावा. नोंद ठेवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी असते. आपल्याकडे नोंद नसेल तर साधारणपणे तिने सांगितलेले तास धरले जातात.